विटमार्सम : एका डच खेड्याचा धार्मिक वारसा

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रिसलंड प्रांतात विटमार्सम हे छोटं गाव आहे. जगभरच्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांना ते नाव परिचयाचं असतं, कारण ज्यांच्यावरून या पंथाला नाव पडलं ते मेन्नो सिमन्स १४९६ साली इथे जन्मले.

मेन्नो १५२४ मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाले आणि शेजारच्या पिंगयुम गावात नेमले गेले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करताना भाकर आणि द्राक्षारस खरंच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं का, ही शंका त्यांना लवकरच छळू लागली. १५३१ मध्ये लीवार्डन शहरात सिके फ्रेरिक्स नावाच्या शिंप्याचा शिरच्छेद झाला. तान्हेपणी मिळालेला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा विधी, न मानता मोठेपणी, समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, एवढाच त्याचा गुन्हा. मेन्नोंनी बायबल धुंडाळलं, पण तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला त्यांना आधार सापडला नाही. तरीही ते पदावर राहिले आणि पुढे जन्मगावीच, विटमार्समला, धर्मगुरू म्हणून आले.

मेनोनाइट म्हणजे शस्त्र न उचलणारे लोक, एवढं बहुतेकांना माहीत असतं. ही भूमिका कुठून आली, हे १५३५ च्या वसंतातल्या घटनेशिवाय कळत नाही. पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्यांपैकी एका जहाल गटाने त्याआधीच जर्मनीतलं म्युन्स्टर शहर बळकावून तिथे आपलं राज्य मांडलं होतं. त्याच आवेशात सुमारे ३०० जणांनी विटमार्समजवळच्या बोल्सवर्ड इथला जुना मठ ताब्यात घेतला. सरकारी फौजेने तोफा लावल्या आणि आठवडाभरात मठ पडला. कितीतरी जण लढाईत मेले, हाती लागलेल्यांपैकी अनेकांना देहदंड झाला. ही मेन्नोंच्या परिसरातली माणसं होती. त्यांची वाट चुकली होती यात मेन्नोंना शंका नव्हती. पण आपल्याला सत्य कळूनही आपण सुखाच्या पदाला चिकटून राहिलो आणि या लोकांना मेंढपाळ मिळाला नाही, ही टोचणी त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. मला हा या इतिहासाचा गाभा वाटतो. तलवारीला दिलेला हा नकार पुस्तकी चिंतनातून आला नव्हता, त्यामागे शेजारी सांडलेलं रक्त होतं.

जानेवारी १५३६ मध्ये मेन्नोंनी कॅथलिक चर्च सोडलं आणि ते पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्यांना मिळाले. विखुरलेल्या, घाबरलेल्या अनुयायांना एकत्र बांधत ते उरलेलं आयुष्य गावोगाव लपत फिरले. त्यांना आसरा दिल्याबद्दल १५३९ मध्ये त्यार्ड रेनिक्स या शेतकऱ्याला ठार मारण्यात आलं. १५४२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने मेन्नोंना पकडून देणाऱ्याला १०० गिल्डर (तिथलं तेव्हाचं नाणं) इनाम जाहीर केलं. ते कधीच हाती लागले नाहीत. १५६१ मध्ये उत्तर जर्मनीत त्यांचं निधन झालं.

पुढे फ्रिसलंडमध्ये रिफॉर्म्ड चर्चला, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या एका प्रोटेस्टंट पंथाला, राजमान्यता मिळाली. मेनोनाइटांचा छळ थांबला, पण त्यांचं प्रार्थनास्थळ रस्त्यावरून चर्चसारखं दिसता कामा नये, असा दंडक होता. पिंगयुममध्ये असं एक प्रार्थनागृह आजही उभं आहे. पुढून साधं राहतं घर, मागच्या बाजूला सभेची खोली. मनोरा नाही, घंटा नाही. धर्म आणि राज्य यांची फारकत १७९०च्या दशकात झाली, तेव्हा हे बंधन गेलं. विटमार्समबाहेरचं जुनं प्रार्थनागृह आता उरलेलं नाही. त्या जागी १८७९ मध्ये मेन्नोंचा स्मारकस्तंभ उभारला गेला. २००८ मध्ये तिथेच त्या प्रार्थनागृहाचा आकार दाखवणारा पोलादी सांगाडा उभा केला.

गावाचं नाव मात्र दूरवर गेलं. सोव्हिएत रशियातून निसटलेल्या मेनोनाइटांनी १९३०च्या सुमारास ब्राझीलमध्ये वस्ती केली आणि तिला विटमार्सम हेच नाव दिलं. भारतातही ही परंपरा पोहोचली, ती दुष्काळाच्या निमित्ताने. १८९७च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतासाठी मदत गोळा केली आणि १८९९ मध्ये त्यांच्या मिशनने धमतरीला काम सुरू केलं. आज छत्तीसगडमध्ये असलेलं धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताचा कारभार नागपुरातून चाले. या मिशनने धमतरीत सुरू केलेलं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे.