शेतातून गॅस किंवा तेलाची पाइपलाइन जाणार असेल तर: हरकत, पंचनामा आणि भरपाईची प्रक्रिया

शेतात मोजणीच्या खुंट्या दिसल्या की पहिली धास्ती जमीन जाण्याची असते. पेट्रोलियम किंवा नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनसाठी १९६२ च्या केंद्रीय कायद्याखाली जमिनीची मालकी घेतली जात नाही, फक्त ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात वापराचा हक्क घेतला जातो. सातबारावर मालक म्हणून तुमचंच नाव राहतं. मात्र हा हक्क कायमचा असतो आणि तुमच्यानंतरच्या पिढीलाही बांधून ठेवतो, त्यामुळे सुरुवातीच्या कागदांकडे नीट लक्ष द्या. विजेच्या मनोऱ्यांना आणि महामार्गाला वेगळे कायदे लागतात. हाती आलेल्या नोटिशीत कोणता कायदा लिहिला आहे, ते सर्वात आधी पाहा.

प्रक्रिया कलम ३(१) च्या अधिसूचनेपासून सुरू होते. ती भारताच्या राजपत्रात निघते आणि तिच्यात गाव, गट नंबर व क्षेत्र दिलेलं असतं. तुमच्या गटाचं क्षेत्र आणि पोटहिस्सा बरोबर आहे का, हे तिथेच ताडून घ्या. इथली चूक पुढे थेट भरपाईच्या रकमेत उतरते. अधिसूचना निघाल्यावर कंपनीच्या माणसांना मोजणीसाठी, खुणा करण्यासाठी शेतात येता येतं. कमीत कमी नुकसान करण्याचं बंधन त्यांच्यावर असतं आणि या टप्प्यात पीक तुडवलं गेलं तर त्याचीही भरपाई मिळते.

हरकतीसाठी २१ दिवस असतात. ही मुदत कोणत्या तारखेपासून धरायची, ते अधिसूचनेत लिहिलेलं असतं. हरकत लेखी हवी, ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या (या कामासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) नावे द्यायची आणि पोच घ्यायची. सुनावणीला स्वतः जाता येतं, वकीलही पाठवता येतो. ‘आम्हाला पाइपलाइन नको’ एवढंच लिहिलेली हरकत सहसा टिकत नाही. टिकते ती कायद्यात बसणारी. अधिसूचनेपूर्वी राहण्यासाठी वापरात असलेली जमीन, घराला लागून असलेली त्याची जागा किंवा आधीपासून पक्कं बांधकाम असलेली जमीन, यांखालून पाइप टाकता येत नाही. जमिनीच्या पृष्ठभागापासून १ मीटरपेक्षा कमी खोलीवरही टाकता येत नाही. रेषा शेताच्या मधून जात असेल तर ती बांधाकडे सरकवण्याची मागणी नकाशासह याच टप्प्यावर करा. दराचा वाद इथे घालू नका, त्याची जागा पुढे आहे.

हरकतींवर निर्णय झाला की कलम ६ ची घोषणा निघते आणि वापराचा हक्क संपादित होतो. अधिसूचनेपासून एका वर्षात ही घोषणा झाली नाही, तर त्या जमिनीपुरती अधिसूचना संपते. तारखा लिहून ठेवा.

यानंतर त्या पट्ट्यात पूर्वीप्रमाणे शेती करता येते. पण इमारत, विहीर, तलाव, बंधारा बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. फळबागवाल्यांना हे सर्वात जास्त जाचतं, कारण काढलेल्या झाडांच्या जागी पुन्हा बाग उभी राहत नाही. विहिरीची जागा आधीच ठरलेली असेल तर ते हरकतीत लिहा.

भरपाईचे दोन भाग असतात आणि ते वेगवेगळे मागायचे असतात. पहिला भाग वापराच्या हक्काचा: कलम ३(१) च्या अधिसूचनेच्या तारखेला जमिनीचा जो बाजारभाव होता, त्याच्या १० टक्के. समजा पट्टा २० मीटर रुंद आणि तुमच्या गटात १५० मीटर लांब आहे, म्हणजे ३० आर. बाजारभाव हेक्टरी २० लाख रुपये धरला तर या क्षेत्राची किंमत ६ लाख आणि भरपाई ६० हजार रुपये होते. दुसरा भाग प्रत्यक्ष नुकसानीचा: उभं पीक, झाडं, शेताचे तुकडे पडून तात्पुरती झालेली अडचण, इतर मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं नुकसान.

हा दुसरा भाग पूर्णपणे पंचनाम्यावर उभा असतो. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. झाडांची नुसती संख्या पुरेशी नाही. जात, वय, बुंध्याचा घेर आणि फळावर आहे की नाही, हे लिहून घ्या. ठिबकच्या नळ्या, जमिनीखालची पाइपलाइन, ताली, चर, तारेचं कुंपण हमखास सुटतं. तारखेसह फोटो काढा, ई-पीक पाहणीत चालू हंगामाची नोंद करा आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका.

सोबत लागणारी कागदपत्रं: चालू सातबारा, ८-अ, संबंधित फेरफार, गट नकाशा, आधार, पॅन आणि बँक पासबुकाची प्रत. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथे. सातबारावर मयत खातेदाराचं नाव असतं, वारस नोंद झालेली नसते किंवा सहखातेदारांचं संमतीपत्र नसतं. वारस नोंदीचा अर्ज अधिसूचना निघाल्याबरोबर तलाठ्याकडे द्या. जमीन दुसरा कोणी हक्काने कसत असेल आणि त्याच्या उपभोगाला बाधा येत असेल, तर तोही भरपाई मागू शकतो.

खोदकामाच्या वेळी वरची कसदार माती वेगळी ठेवून शेवटी वरच पसरायला लावा. ती मुरुमाखाली गाडली गेली तर पट्टा कित्येक हंगाम पिकत नाही. भरलेला चर पहिल्या पावसात खचतो आणि पाणी साचतं, म्हणून जमीन पूर्ववत झाल्याच्या कागदावर घाईने सही नको. बांध, चर, नळ्या दुरुस्त झाल्या का ते पाहा आणि जे राहिलं ते त्याच कागदावर लिहा.

रक्कम मान्य नसेल तर तसं लेखी कळवा आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. पंचनामा, फोटो आणि त्या काळातल्या आसपासच्या खरेदीखतांच्या प्रती जोडा. पुढे कधी दुरुस्तीसाठी शेतात यायचं असेल तर कंपनीने वाजवी सूचना द्यावी लागते, आणीबाणी सोडून. आणि त्या वेळच्या पिकाच्या नुकसानीचा नवा पंचनामा करून नव्याने भरपाई मागता येते.