मण्यार सापाचे विष आणि चेतासंधीची फट

मण्यार साप रात्री अंथरुणात चावला तर पुष्कळदा फारशी वेदना होत नाही आणि दंशाची खूणही सापडत नाही. काही तासांनी मात्र पापण्या आपोआप मिटू लागतात, घोट गिळवत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. नवल असे, की त्या वेळीही मेंदूचा हुकूम चेतातंतूच्या टोकाजवळ पोहोचत असतो आणि स्नायूही धडधाकट असतो. खोळंबा होतो तो दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे चेतासंधीत. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये या सांध्याला ‘सिनॅप्स’ हे नाव दिले.

मेंदूतल्या चेतासंधीची फट सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. स्नायूपाशी ती थोडी अधिक रुंद असते. विद्युतलहर टोकाशी आली की तिथली कॅल्शियमची द्वारे उघडतात, आत शिरलेल्या कॅल्शियममुळे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला भिडून रित्या होतात आणि ते रसायन पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते. स्नायूंपाशी हे रसायन असते असिटिलकोलीन. मण्यारच्या विषातला एक घटक नेमक्या या टोकांचीच नासधूस करतो. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण उद्ध्वस्त झालेले टोक त्याला सांधता येत नाही. म्हणून ती टोके पुन्हा घडेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते.

इतकी नाजूक जागा मुळात हवी कशाला? सगळे तंतू एकसंध जाळ्यासारखे जोडलेले आहेत, असे कामिलो गॉल्जी मानत, आणि १९०६ चे नोबेल, प्रत्येक चेतापेशी सुटी असते असे मानणाऱ्या सांतियागो रामोन इ काहाल यांच्याबरोबर वाटून घेतानाही त्यांनी आपला हेका सोडला नाही. पण फट आहे म्हणूनच हिशेब करता येतो. मेंदूतल्या एकेका पेशीवर हजारो चेतासंधी असू शकतात. काही तिला उद्युक्त करतात, गाबासारखे रसायन सोडणाऱ्या काही तिला आवरतात, आणि बेरीज ठरावीक पातळीच्या वर गेली तरच ती पेशी पुढे संदेश धाडते.

शिवाय या बेरजेतला प्रत्येक चेतासंधीचा वाटा कायमचा ठरलेला नसतो. एरिक कँडेल यांनी हे ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीत दाखवले. तिच्या शेपटीला विजेचा धक्का दिला, की नंतरच्या साध्या स्पर्शानेही ती कल्ला जोराने आत ओढते. एकाच धक्क्याने सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन स्रवते, आणि त्यामुळे जुनीच टोके थोडा वेळ अधिक रसायन सोडतात. धक्के दिवसेंदिवस देत राहिले तर पेशी नवी प्रथिने बनवते आणि तिला नवी टोके फुटतात: एका संवेदी पेशीची टोके सुमारे १,३०० वरून २,७०० झालेली आढळली. धक्के थांबल्यावर काही आठवड्यांनी ही आठवण ओसरली, तेव्हा संख्या १,५०० च्या आसपास उतरली. पूर्वीच्या १,३०० वर मात्र आली नाही.