सातपुड्यात यायचं ठरवताय? आधी महिना सांगा

आमच्याकडे सहलीच्या चौकशीला येणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "वाघ दिसेल का?" आणि दुसरा, "माणशी किती?" दोन्हींची उत्तरं पुढे दिली आहेत. पण त्याआधी आम्हाला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी. तुम्ही कोणत्या महिन्यात येणार? इंटरनेटवर फोटो बघून जागा पक्की करायची आणि मग सुट्टी मिळेल तेव्हा यायचं, असं खान्देशात केलं तर हमखास पस्तावायची पाळी येते. ऑगस्टमध्ये कोसळणारा धबधबा मार्चमध्ये नुसता काळा कडा असतो, आणि जानेवारीत पक्ष्यांनी भरलेला जलाशय जुलैत गढूळ पाण्याशिवाय काही दाखवत नाही.

याचं कारण इथल्या जमिनीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधल्या पट्ट्यातून मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघालेली तापी. ती ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. सातपुड्यातून तिला येऊन मिळणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या लांबीला आखूड आणि उताराला तीव्र. पाऊस पडला की धावत सुटतात, थांबला की ओसरतात. डोंगराच्या पायथ्याशी गोटे आणि वाळूचा जाड थर आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. उरलेलं पाणी त्यात मुरतं आणि खाली यावल-रावेरच्या केळीला विहिरींतून मिळतं. जंगल पानगळीचं. साग, सलई, धावडा, अंजन, मोह फेब्रुवारीनंतर पानं टाकायला लागतात, आणि ज्यांनी पावसाळ्यातला डोंगर पाहिलेला असतो त्यांना उन्हाळ्यात तो ओळखूही येत नाही.

वाघाबद्दल सरळ सांगतो

वाघ दाखवण्याची सहल आम्ही काढत नाही. वाघ या भागात नाही असं नाही. मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या वनक्षेत्रात आणि पूर्णेच्या काठाने त्याचा वावर आहे, मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्यासाठीच झालं. मेळघाटापासून यावलपर्यंत जाणाऱ्या जंगलपट्ट्याचा तो दुवा आहे. पण तिथे वाघ जंगलाइतकाच केळीच्या बागांतही असतो, आणि बागेत माणसं राबत असतात. तिथे चार गाड्या घेऊन वाघ शोधत हिंडणं शेतकऱ्याच्याही जिवावर बेतू शकतं. "आम्ही नक्की दाखवतो" असं कुणी म्हणालं तर आगाऊ पैसे देऊ नका, एवढाच सल्ला.

त्याऐवजी पाल या डोंगरातल्या गावी आणि यावल अभयारण्यात या. हे अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असल्यामुळे जंगल पलीकडेही चालूच राहतं. इथे नीलगाय, भेकर, चिंकारा, सांबर, अस्वल, तरस, बिबट्या आहेत. दिसतीलच असं नाही, पण खुणा मात्र पदोपदी दिसतात. अस्वलाने उकरलेलं वारूळ एकदा बघितलं की विसरत नाही : माती हाताने ओरबाडल्यासारखी फेकलेली आणि मधोमध नाक खुपसून वाळवी ओढून घेतल्याचं भोक. मोहाच्या खोडावर नखांचे जुने ओरखडे, वाटेत सायाळीचा काटा, ओढ्याच्या ओल्या वाळूत बिबट्याचा पंजा. ज्याला हे वाचायला आवडतं तो परत येतो. बाकीच्यांना पालच्या थंड हवेवर आणि सुकी नदीवरच्या धरणाच्या पाण्यावर भागवावं लागतं, आणि तेही काही वाईट नाही.

जुलै ते सप्टेंबर

हे धबधब्यांचे दिवस. आडगावजवळची मनुदेवी जवळची आणि सोपी : डोंगराच्या कुशीत देवीचं मंदिर आणि मागच्या कड्यावरून पडणारं पाणी. रविवारी मात्र जाऊ नका, पाण्यापेक्षा माणसं जास्त. चाळीसगावकडून पाटणादेवीला गेलात तर केदारकुंड आणि धवलतीर्थ हे दोन धबधबे, शिवाय पितळखोऱ्याची लेणी. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. गणिताची आवड असलेल्यांनी इथे जरा जास्त वेळ काढावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथल्याच पाटण गावचा.

पावसाळ्यात आमचा एक नियम मोडला जात नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस असू शकतो, आणि तो नाल्यातून खाली यायला फार वेळ लागत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या की आमचा चालक गाडी नाल्यात घालत नाही. पलीकडे हॉटेल असो की तुमची परतीची रेल्वे. तासभर थांबावं लागेल, क्वचित रात्रही काढावी लागेल. हे मान्य नसेल तर पावसाळ्यात येऊ नका.

रानपिंगळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आमच्याकडे कॅमेरे घेऊन येणारी मंडळी बहुतेक याच्यासाठी येतात. वीतभर उंचीचा घुबडाच्या जातीचा पक्षी. त्याची कथा मात्र गुप्तहेरकथेला शोभेल अशी. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ चं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणालाच मिळाला नाही आणि हळूहळू तो नामशेष झाला असं सगळे धरून चालले. मधल्या काळातला एकच पुरावा होता : रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ पकडल्याचं सांगितलेला पक्षी. शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. खरे जुने नमुने बहुतेक खान्देशातले होते. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि एका सकाळी हा पक्षी उघड्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

तो ओळखायचा कसा? आपल्या गावातला पिंगळाही तेवढाच असतो, त्यामुळे गल्लत होते. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, राखट तपकिरी. छातीवर गडद पट्टा, खाली पोट स्वच्छ पांढरं. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंजे अंगाच्या मानाने मोठे. शेपटीवर रुंद आडवे पट्टे. आणि मुख्य म्हणजे तो दिवसा वावरतो. थंडीच्या सकाळी पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, शेपटी आडवी झटकतो, मग खाली सरड्यावर झेप घेतो. त्यामुळे पहाटे चारला उठायची गरज नाही, मात्र सकाळी सात ते दहा हा वेळ चुकवू नका.

त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर वाजवून त्याला पुढ्यात बोलावणारे लोक आहेत. आम्ही ते करत नाही आणि आमच्यासोबत आलेल्यांनाही करू देत नाही. विणीच्या काळात दुसरा नर आलाय असं समजून तो ढोली सोडून बाहेर येतो, आणि तेवढ्या वेळात पिल्लांवर काय बेतेल ते सांगता येत नाही. जगभरात संकटग्रस्त म्हणून नोंदलेला पक्षी आहे हा. एका फोटोसाठी एवढी किंमत नको. ढोली असलेल्या झाडाचं ठिकाणही आम्ही फोनवर कुणाला सांगत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी.

हतनूर थोडक्यात

हिवाळ्यात एक सकाळ हाताशी असेल तर भुसावळजवळचं हतनूर. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि खाली ४१ दरवाजांचं धरण. मागच्या उथळ पाण्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि वारकरी पक्ष्यांचे थवे. नशीब असेल तर पट्टकदंबही. दुर्बीण आम्ही देतो. चांगदेवाचं मंदिर लगतच आहे, तेही पाहून होतं.

तोरणमाळ आणि पलीकडची नर्मदा

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत रस्ता वर चढतो आणि सातपायरी घाटाच्या वळणांवर बहुतेकांच्या पोटात कालवतं, म्हणून नाश्ता वर पोचल्यावरच. वर सुमारे साडेअकराशे मीटरवर पठार, यशवंत तलाव, गोरक्षनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुंफा. तलाव भरून सांडला की पाणी सीताखाईच्या दरीत कोसळतं. ते बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर. महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा राहायची सोय मिळत नाही. जानेवारीत या पट्ट्यात कधी कधी पहाटे गवतावरचं दव गोठतं. खाली शहाद्यात स्वेटरही लागत नाही म्हणून हात हलवत आलेली मंडळी वर रात्रभर शेकोटीपाशी बसतात. खान्देशातही गोठतं यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

तोरणमाळच्या पलीकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांमागे नर्मदा. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमाच ती. आता तिथे नदीपेक्षा सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी आहे, डोंगरांच्या घड्यांमध्ये शिरलेलं. बोटीतून दृश्य विलक्षण दिसतं यात शंका नाही. पण त्या पाण्याखाली मणिबेलीसारख्या गावांची घरं, शेतं आणि देवस्थानं आहेत, आणि तुमची बोट हाकणारा बहुधा त्यांतल्याच कुठल्या तरी गावचा असतो. तो स्वतःहून बोलला तर ऐका. खोदून विचारू नका, आणि त्याच्यासमोर "काय मस्त लोकेशन आहे" म्हणून ओरडू नका. ही फेरी आम्ही फक्त हिवाळ्यात, लाइफ जॅकेट घालूनच करतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यातला आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची होळी पाहायला दरवर्षी मागणी असते. काठीला रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नवस फेडणारे, आणि पहाटे होळी पेटते. ते पावरा-भिल्लांचं व्रत आहे, कार्यक्रम नाही. फोटो विचारून काढा. कुणी नाही म्हटलं तर "फक्त एकच" असा हट्ट धरू नका.

एप्रिल-मे

या दोन महिन्यांत आम्ही सहसा नाहीच म्हणतो. पारा ४५ च्या आसपास जातो. मोहाची फुलं वेचायला गावकरी पहाटेच जंगलात असतात आणि वणव्याची भीती कायम. आलातच तर विडी-सिगारेट गाडीत ठेवून खाली उतरा. पाणवठ्यावरच्या मचाणाची हौस असलेल्यांनी बुद्धपौर्णिमेला वनविभागाकडेच नाव नोंदवावं, ते आमच्या हातात नाही.

माणशी किती, आणि त्यात काय

रक्कम गाडीवर आणि माणसांवर ठरते, ती सोबतच्या चिठ्ठीत लिहून देतो. त्यात गाडी, मुक्काम, दोन वेळचं जेवण, वनविभागाचं शुल्क आणि गावातल्या वाटाड्याची मजुरी येते. घासाघीस करायची तर आमच्या कमिशनवर करा. वाटाड्याच्या मजुरीला हात लावायचा नाही. तो जिथे "थांबा" म्हणेल तिथे थांबायचं, मग तुम्ही कोणत्याही हुद्द्यावर असा.

जेवण घरगुती. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, हिवाळ्यात भरीत, वरण-बट्टी. तिखट कमी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, कारण खान्देशी बाईच्या हाताला "कमी" म्हणजे नेमकं किती ते जेवताना कळून उपयोग नसतो. जैन जेवण मिळतं. बाटल्या आणि पाकिटं ज्या पिशवीत आणाल त्याच पिशवीत परत न्यायची.

पावसामुळे किंवा वनविभागाने रस्ता बंद केल्यामुळे सहल रद्द झाली तर सगळे पैसे परत. तुमचा बेत आदल्या दिवशी फिरला तर जेवणाचे पैसे मिळणार नाहीत, कारण ज्या घरी जेवण सांगितलंय त्यांनी किराणा भरलेला असतो.

यायला सोपं म्हणजे सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार किंवा थेट भुसावळ; पाटणादेवीसाठी चाळीसगाव. तिथून आमची क्रुझर घ्यायला येते. फोन करताना माणसं किती, त्यांची वयं आणि कुणाच्या गुडघ्याचा, दम्याचा त्रास आहे का, एवढं सांगा. आम्ही डोंगरात असलो की रेंज नसते. मेसेज टाकून ठेवा, खाली शहाद्यात उतरलो की उत्तर देतो.