हिवाळ्यासाठी मोटारसायकल उभी करून ठेवणे

थंड प्रदेशांत बर्फ पडू लागल्यापासून रस्ते पुन्हा कोरडे होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते पाच महिने, मोटारसायकल वापराविना ठेवावी लागते. त्याआधी इंधन, इंजिन, बॅटरी, टायर आणि धातूचे उघडे भाग यांची जी तयारी करतात तिला गाडी हिवाळ्यासाठी उभी करणे म्हणतात. जर्मनीत तर ही विश्रांती नोंदणीतच धरलेली आहे. तेथे १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. गाडी कोणत्या महिन्यांत रस्त्यावर आणायची ते प्लेटवरच छापलेले असते, आणि हा काळ २ ते ११ महिन्यांचा ठेवता येतो.

उभ्या गाडीची झीज थांबते, बिघाड थांबत नाही. गाडी चालती असते तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने ओल उडून जाते, पेट्रोल ताजे येत राहते, बॅटरी भरत राहते आणि फिरत्या भागांवर ऑइलचा थर टिकून राहतो. गाडी थांबली की हे सगळेच बंद पडते. रात्रभर गारठलेल्या धातूवर दुपारची उबदार, दमट हवा आली की टाकीच्या आतल्या बाजूला आणि सिलिंडरच्या भिंतीवर पाणी धरते. तयारीतली बहुतेक कामे या ना त्या रूपातल्या ओलीविरुद्धच आहेत.

पहिले काम धुण्याचे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर सोडियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकतात. त्यातले कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे वरवर कोरड्या दिसणाऱ्या गाडीवरही गंज चढत राहतो. मडगार्डची आतली बाजू, स्पोकची मुळे आणि साइलेन्सरचे जोड येथे मीठ दडून बसते. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये. धुऊन झाल्यावर थोडी फेरी मारली की कानाकोपऱ्यातले पाणी वाळते. मग चेन रॉकेलने पुसून तिला वंगण द्यावे आणि उघड्या धातूवर मेण किंवा गंजरोधक तेलाचा पातळ हात फिरवावा. ब्रेक डिस्क आणि टायर यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

उभ्या गाडीचे सर्वांत जास्त नुकसान पेट्रोल करते. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातले हलके, चटकन पेट घेणारे घटक आधी उडून जातात आणि उरलेल्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेट, म्हणजे मंद गतीसाठी पेट्रोल सोडणारी तोटी, असते. तिचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. हिवाळाभर पेट्रोल साचून राहिलेल्या गाडीचा जेट काढून उजेडासमोर धरला, तर पलीकडचा प्रकाशाचा ठिपका दिसत नाही. भोकात मधाच्या रंगाचा, घट्ट बसलेला थर असतो. चोक ओढला की गाडी कशीबशी सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते, ती या न दिसणाऱ्या ठिपक्यापायी.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात आणखी एक भानगड आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. हे पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. असे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवले तर वर एक थर, खाली दुसरा आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. इंजिनाकडे जाणारे पेट्रोल टाकीच्या तळाजवळूनच उचलले जात असल्यामुळे पहिला घोट खालच्या थराचाच मिळतो.

यावर उपाय सोपा आहे. ताजे पेट्रोल घ्यावे, त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळावे आणि प्रसरणापुरती जागा सोडून टाकी भरावी. टाकीत हवा कमी राहिली की ऑक्सिजनही कमी आणि ओलही कमी. मग इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, नाहीतर मिसळलेले पेट्रोल टाकीतच राहते आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनेच उरते. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर त्यानंतर टाकीचा कॉक बंद करून फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाचा स्क्रू सैल करावा आणि आतले पेट्रोल सोडून द्यावे. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत असे काही रिकामे करायचे नसते. काही जण टाकीच कोरडी करतात, पण पत्र्याच्या रिकाम्या टाकीला आतून तेलाचा थर दिला नाही तर ती गंजते. त्यापेक्षा भरलेली टाकी बरी. एकदा खराब झालेले पेट्रोल स्टॅबिलायझरने सुधारत नाही.

ऑइल कधी बदलावे याबद्दल गोंधळ दिसतो. नवे ऑइल वसंतात कामाला येईल म्हणून अनेक जण तेव्हाच बदलतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले पाणी आणि आम्ले असतात आणि चार महिने बेअरिंग त्यातच भिजत राहतात. म्हणून ऑइल आणि फिल्टर गाडी उभी करण्याआधीच बदलावे. इंजिन कोमट असताना काढले तर गाळही सोबत निघून येतो. मुक्काम लांबचा असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने फिरवावे, म्हणजे ऑइल भिंतीवर पसरते, आणि प्लग परत बसवावा.

आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटे सुरू करून ठेवण्याची पद्धत फार रुळलेली आहे आणि ती चुकीची आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. रस्त्यावर इंजिन आणि साइलेन्सर पुरेसे तापतात आणि ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत दोन्ही कोमटच राहतात आणि वाफ आतच निवते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसतो, तो याच पाण्याचा. स्टार्टरने खाल्लेली वीजही एवढ्या वेळात भरून निघत नाही. गाडीचा आवाज ऐकल्यावाचून चैन न पडणाऱ्यांची ओढ समजण्यासारखी आहे. पण एकतर गाडी अर्धा तास रस्त्यावर नीट फिरवावी, नाहीतर तिला हात लावू नये.

बॅटरी बसल्या बसल्या उतरते. घड्याळ आणि अलार्म थोडी वीज ओढतात आणि शिसे-आम्ल बॅटरी काही न जोडताही हळूहळू रिकामी होते. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, मग ती पूर्वीइतकी वीज साठवत नाही. दुसरा धोका गोठण्याचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मात्र ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि डबा तडकतो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चौकटीला टेकला तर शॉर्ट होतो. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी, किंवा भरल्यावर आपोआप थांबणाऱ्या चार्जरवर ठेवावी. लिथियम बॅटरीला तिच्याच प्रकारचा चार्जर लागतो आणि ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये. काँक्रीटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते हा समज मात्र आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना लागू नाही.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, तपासणे टाळू नये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक फोडते. कूलंटमध्ये गोठू न देणारे ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नसते.

टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून शक्य असेल तर दोन्ही चाके स्टँडवर उचलून धरावीत. तसे जमत नसेल तर हवा पुरेपूर भरावी आणि अधूनमधून गाडी थोडी ढकलून जागा बदलावी. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. गाडीवर हवा खेळती राहील असे कापडी आच्छादन घालावे. प्लॅस्टिकचा कागद आतली ओल आतच कोंडतो. साइलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत उंदीर घरटी करतात, म्हणून तेथे चिंधी कोंबावी आणि तशी चिठ्ठी हँडलला बांधावी.

वसंतात आधी त्या चिंध्या काढाव्यात. मग ऑइलची पातळी, टायरची हवा, दिवे आणि ब्रेक पाहावेत. डॉट ४ सारखे ब्रेक ऑइलही हवेतली ओल पिते, त्यामुळे दोन वर्षे झाली असतील तर ते याच वेळी बदलून घ्यावे. क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता असते. गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून धरून मागेपुढे ढकलली की त्या सुटतात. मगच बटण दाबावे.