काळ्या दाण्यांचा अग्नी

इ.स. ८५७. ऱ्हाईन नदीकाठच्या क्सांटेनच्या बखरीत नोंद आहे की, लोकांच्या अंगावर फोड उठले आणि मरणाआधीच हातपाय सडून गळून पडले. पुढची कित्येक शतकं हा आजार फ्रान्स-जर्मनीत पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला. आधी हातापायांची आग, मग बधिरपणा, शेवटी बोटं कोळशासारखी काळी पडून रक्ताचा थेंबही न सांडता सुटायची. लोक याला ‘पवित्र अग्नी’ म्हणत, पुढे ‘संत अँथनीचा अग्नी’.

हा अग्नी यायचा रोजच्या पावातून. गव्हाचा पांढरा पाव सरदार-पाद्र्यांच्या ताटात. गरिबाच्या वाट्याला राय नावाच्या धान्याचा काळपट पाव, कारण थंडीत आणि हलक्या जमिनीत हेच पीक हमखास यायचं. रायच्या फुलोऱ्यावर क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही बुरशी बसते. वसंतात गारठा आणि पाऊस लांबला की फुलं जास्त दिवस उघडी राहतात आणि बुरशीचं फावतं. मग कणसात काही दाण्यांच्या जागी जांभळट-काळ्या, वाकड्या, दाण्याहून लांब गाठी तयार होतात. हाच अर्गट. त्यातली अल्कलॉइडं, म्हणजे बुरशीने बनवलेली विषारी द्रव्यं, रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की बोटांपर्यंत रक्तच पोचत नाही. काहींना त्याऐवजी झटके येत, भास होत.

साठवणीत हे विष हळूहळू कमी होतं. पण दुष्काळात कणग्या रिकाम्या असताना कोण थांबणार? नवं धान्य आलं की थेट चक्कीवर. काळे दाणे निवडून टाकणं म्हणजे अन्न टाकणं, आणि भुकेल्या घराला ते परवडत नव्हतं. त्यामुळे मला हा आजार बुरशीइतकाच गरिबीचाही वाटतो.

१०९५च्या सुमारास फ्रान्सच्या दोफिने प्रांतात गास्तों नावाच्या उमरावाने या रुग्णांच्या सेवेसाठी एक संघ सुरू केला. गास्तों यांचा मुलगा संत अँथनींच्या अस्थींच्या कृपेने बरा झाला, अशी श्रद्धा होती. काळ्या झग्यावर निळं ‘टी’सारखं चिन्ह लावणाऱ्या या अँथनाइट बंधूंची रुग्णालयं पुढे युरोपभर पसरली. तिथे अस्थींवरून ओतलेली वाइन पाजत, डुकराच्या चरबीचं मलम लावत, सडलेला अवयव कापत. आणि खायला चांगला, बहुधा गव्हाचा पाव देत. माझ्या मते खरं औषध हेच होतं. यात्रेकरू गाव सोडून मठात आला की विषारी पाव आपोआप सुटायचा, आणि उशीर झालेला नसला तर माणूस वाचायचा. त्या बंधूंना बुरशीचा पत्ता नव्हता. पण ज्यांना पाहून इतर लोक तोंड फिरवत, त्यांच्या जखमा ते धूत होते. याला नुसती अंधश्रद्धा म्हणणं अन्यायाचं आहे.

अल्सासमधल्या इझेनहाइमच्या त्यांच्या मठासाठी मथियास ग्र्यूनेवाल्ड यांनी १५१२ ते १५१६च्या दरम्यान एक भव्य वेदीचित्र (चर्चच्या वेदीवरचं अनेक फलकांचं चित्र) रंगवलं. ते आज कोल्मारच्या संग्रहालयात आहे. एका फलकाच्या कोपऱ्यात पोट फुगलेला, अंगभर फोड आलेला एक जीव पडलेला दिसतो. मधल्या फलकावरच्या ख्रिस्ताची कातडीही जखमांनी भरलेली आहे. ज्यांचे स्वतःचे हातपाय सडत होते, त्यांच्या डोळ्यांसमोर हा देव होता.

१६७६मध्ये फ्रेंच वैद्य दनी दोदार यांनी विज्ञान अकादमीपुढे काळ्या दाण्यांवर स्पष्ट बोट ठेवलं. अर्गटाचा आवळण्याचा गुण पुढे कामी आला: १९३५ साली अर्गटातून वेगळं काढलेलं अर्गोमेट्रिन गर्भाशय आवळून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवतं.

अर्गट आपल्या बाजरीवरही पडतो. ही बुरशी वेगळ्या जातीची. तिने हातपाय सडत नाहीत, पण मळमळ, उलट्या, चक्कर होते. म्हणून कृषी खातं पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायला सांगतं. बुरशीच्या गाठी हलक्या, त्या वर तरंगतात. त्या काढून जाळायच्या, तळाचं बियाणं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं आणि मगच पेरायचं.