हेडफोनमध्ये खोली कशी घुसली

रात्री अकरानंतर फ्लॅटमध्ये मॉनिटर स्पीकर लावले की खालचे काका वर येतात, म्हणून गाण्याचं मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची मांडणी, हेडफोनवरच होतं. परवा ढोलकी पार डावीकडे ठेवली, टाळ उजवीकडे, गाण्यावर जरासा रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा परिणाम, एकदम झकास वाटलं, आणि सकाळी स्पीकरवर लावलं तर रिव्हर्ब जवळपास गायब आणि सगळा पसारा मध्ये गोळा झालेला.

कारण सोपं आहे. डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो. तो ३० अंशांवर असेल तर उजव्या कानापर्यंत त्याचा आवाज साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो, वाटेत डोकं आडवं येतं म्हणून वरचे सूर दबतात, शिवाय भिंतींवरून आपटून आलेला आवाज वेगळाच. हेडफोनवर यातलं काहीच नाही, डावं ते डावंच.

गंमत म्हणजे सुरुवात कानापासूनच झाली होती. १८८१ला पॅरिसच्या विजेच्या प्रदर्शनात क्लेमां आदेरने ऑपेराच्या स्टेजवर माइक लावून लोकांच्या दोन्ही कानांना दोन वेगळे रिसीव्हर दिले होते. पण पुढे १९३१मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या ॲलन ब्लमलाइनने स्टीरिओचं पेटंट टाकलं ते समोरचे दोन स्पीकर धरून, आणि रेकॉर्डिंगवाल्यांनी तीच वाट धरली. १९५८ला कॉस कंपनीचे स्टीरिओ हेडफोन आले तेव्हा स्पीकरसाठी बनवलेला माल थेट कानात ओतला जायला लागला.

यावर १९६१मध्ये बेंजामिन बाउअरने सर्किट सुचवलं. हा तोच माणूस ज्याने आधी शूअर या माइकच्या कंपनीत युनिडाइन नावाचा माइक केला होता. डाव्या चॅनलचा थोडा भाग, उशिरा आणि वरचे सूर कापून, उजव्यात सोडायचा, आणि उलटही तसंच. हेच क्रॉसफीड. १९७१ला झीगफ्रीड लिंकविट्झने त्याचं घरी बसून बनवता येईल असं रूप छापलं, आणि आजचं बीएस-टू-बी नावाचं फुकट प्लगिन (मिक्सच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) तर बाउअरचंच नाव लावतं, त्यातला पहिला बी त्याचा.

पण हे झालं डोक्याचं, खोली अजून बाहेरच होती. खोली आणायची तर तिचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एक टाळी वाजवली तर ती खोली कशी घुमते त्याची नोंद, गाण्यावर कन्व्होल्व्ह करायचा, म्हणजे गाण्याच्या कणाकणाला ते घुमणं लावायचं, आणि एक सेकंदाचा रिस्पॉन्स सरळ पद्धतीने करायला गेलात तर गाण्याच्या एका सेकंदातल्या ४४,१०० सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या कणांना, प्रत्येकी ४४,१०० गुणाकार, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १९४ कोटी, तेही एका स्पीकरपासून एका कानापर्यंतच! एफएफटी, म्हणजे आवाजाचे गठ्ठे करून झटपट हिशेब करायची गणिती युक्ती, वापरलं तर काम हलकं होतं पण आवाज उशिरा येतो, आणि मिक्स करताना ते चालत नाही. १९९५मध्ये एमआयटीच्या बिल गार्डनरने तोडगा काढला, रिस्पॉन्सचे तुकडे करायचे, सुरुवातीला बारीक, पुढे मोठे. याच गार्डनरने कीथ मार्टिनबरोबर १९९४ला कीमार या माणसासारख्या पुतळ्याच्या कानात माइक ठेवून, ७१० दिशांकडून आवाज कानात कसा पोचतो त्याची मोजमापं घेऊन सगळ्यांना खुली करून दिली होती.

मग प्लगिनवाले सुटलेच. २०१६ला वेव्हज कंपनीचं एनएक्स आलं, डोकं फिरवलं तरी स्पीकर जागेवर राहतात, २०२०ला स्लेट कंपनीचं व्हीएसएक्स, सोबत हेडफोनही त्यांचाच. मी यातली बरीच खोल्यांची प्लगिन वापरून पाहिली, पण ज्या कानांवर मोजलं ते कान माझे नाहीत, त्यामुळे समोरचा गायक माझ्या कपाळाच्या आतच बसतो. म्हणून सध्या नुसतं बाउअरवालं क्रॉसफीड चालू ठेवतो आणि रिव्हर्ब किती ते सकाळी स्पीकरवर ठरवतो, काका फिरायला गेले की.