पोटातल्या बाळाचं रक्त आणि सिकलसेल

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाचा थेंब, वर पातळ काच. काचेच्या कडा व्हॅसलिनने बंद करायच्या, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. मग थांबायचं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची ही जुनी तपासणी मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा सुरुवातीला वेगळं काहीच दिसत नव्हतं. गोल, मध्ये दबलेल्या तांबड्या पेशी, एकीसारखी दुसरी. द्रावणाने थेंबातला प्राणवायू ओढून घेतला आणि हळूहळू त्याच पेशींना टोकं फुटू लागली. काही लांबट झाल्या, काही वाकल्या, काही थेट भात कापायच्या विळ्यासारख्या. माणसाच्या अंगात हेच होत असेल तर त्याला काय वेदना होत असतील, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

या पेशींचं पहिलं वर्णन १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी केलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सापडला. आपल्याकडे नंदुरबारपासून मेळघाट, गडचिरोलीपर्यंत तो घराघरांत माहीत आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचं, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्या पण स्वतः आजारी नसलेल्यांचं, प्रमाण काही ठिकाणी २० टक्क्यांच्याही वर नोंदलं गेलं आहे. वाहकाला घातक हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून हे जनुक हिवतापाच्या पट्ट्यात टिकलं. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

दोष खरं तर एवढासा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये हा फरक शोधला. व्हॅलिनला पाणी नको असतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की एका रेणूवरचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. एकाला एक चिकटत चौदा पदरांचा दोर वळला जातो, आणि असे दोर आतून रेटू लागले की पेशी ताठ होते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. म्हणजे दोर वळायला माल भरपूर.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट वेळेची. दोर लगेच वळला जात नाही, आधी थोडा विलंब असतो. तेवढ्या वेळात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर तिला पुन्हा प्राणवायू मिळतो आणि काही बिघडत नाही. बहुतेक पेशी, बहुतेक वेळा, अशाच निभावून जातात. पण पेशीतलं पाणी जरासं कमी होऊन हिमोग्लोबिन दाट झालं, की हा विलंब झपाट्याने घटतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की दाटपणाचा परिणाम जवळपास तिसाव्या घातासारखा होतो. मग पेशी अरुंद वाहिनीतच ताठरते, मागच्या पेशी अडकतात, पुढच्या हाडाला रक्त मिळेनासं होतं. उन्हात राबल्यावर, तापात, जुलाबात रुग्णाची हाडं का दुखू लागतात, आणि डॉक्टर पाणी प्यायला का सारखं बजावतात, ते इथे कळतं. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते.

आता बाळाकडे येऊ. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की आजार घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती या दोरात नीट बसत नाही, दोर वळणं अडवते. पुढे गॅमाचं काम थांबतं, बीटाचं सुरू होतं आणि सहाव्या महिन्याच्या आसपास दुखणं डोकं वर काढतं. औषध शरीराला आधीपासून बनवता येतं, फक्त त्याचं बटण बंद होतं. हे बटण बंद कोण करतं, हे कळायला साठ वर्षं लागली.

उत्तर २००८ मध्ये बोस्टनमध्ये मिळालं. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं, की बीसीएल११ए नावाचं प्रथिन गॅमा जनुक दाबून ठेवतं. मग ते प्रथिनच काढून टाकलं तर? तसं करता येत नाही. मेंदूला ते लागतं, पांढऱ्या पेशींनाही लागतं. २०१३ मध्ये त्याच गटाला डीएनएचा असा एक तुकडा सापडला, जो फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींमध्येच बीसीएल११एला जोर देतो. तेवढाच तुकडा क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने कापला, तर बाकीच्या शरीराला धक्का लागत नाही. कॅसजेव्ही हा उपचार त्यावरच उभा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्याला मान्यता दिली. चाचणीत ३० पैकी २९ रुग्ण सलग किमान वर्षभर वेदनेच्या तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. ही संख्या वाचताना मला भरून आलं होतं.

पण त्यासाठी रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढाव्या लागतात, कडक केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, मग बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. नंदुरबारमधल्या धडगावच्या मुलीला ही वाट आज बंदच आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने स्वतःचं क्रिस्पर तंत्र विकसित करून बिरसा १०१ हा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात भागीदार आहे. किंमत त्याने उतरेल, पण मज्जा रिकामी करण्याची पायरी टळत नाही. म्हणून माझं लक्ष गोळीकडे जास्त आहे. २०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या संशोधकांनी गॅमा दाबणारं आणखी एक प्रथिन, विझ, पेशीच्या कचरापेटीत ढकलणारा रेणू शोधल्याचं प्रसिद्ध केलं. उंदीर आणि माकडांमध्ये तो देताच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं. माणसासाठीची गोळी अजून दूर आहे. तोवर हायड्रॉक्सियुरिया आहे. हे जुनं, स्वस्त औषधही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. रोज घ्यावं लागतं, मधूनमधून रक्त तपासावं लागतं.

आणि बाळांसाठी आज, याच आठवड्यात करता येईल असं काही आहे. जन्मानंतर एक-दोन दिवसांत टाचेतून घेतलेल्या थेंबावर निदान होतं. त्या दिवशी बाळाच्या पेशी गोलच असतात, गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असतं. पुढच्या काही महिन्यांत पाणथरी (प्लीहा) निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकससारखे जंतू जिवावर उठतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांमध्ये हे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. पेनिसिलिन कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवता येतं. बाळाला ते सुरू करायला गर्भातलं हिमोग्लोबिन साधारण दोन-तीन महिने देतं.